खाचरातला किनखाब

हौदातले ते तांबडे-पांढरे जपानी मासे पाहिले, की हे राजवाड्यातच जन्मले असणार असे वाटते. प्रत्यक्षात ‘कोई’ म्हणजे साधा कार्प मासा, आणि त्याचे कूळ शेतकऱ्याघरचे.

जपानच्या निइगाता प्रांतातला यामाकोशी हा डोंगराळ मुलूख. उतारावर भाताची खाचरे आणि हिवाळ्यात पुरुषभर उंचीचे बर्फ. वाटा बंद झाल्या की बाजार नाही. म्हणून खाचरांना पाणी पुरवणाऱ्या तळ्यांत लोक काळपट कार्प पाळत. हिवाळ्याची बेगमी! एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांत अधूनमधून एखादा रंगीत मासा निपजू लागला. कुणाला तरी तो कालवणात घालवेना. हा सारा इतिहास तिथून सुरू होतो.

तांबडा-पांढरा ‘कोहाकू’ त्या शतकाच्या अखेरीस स्थिरावला. १९१४च्या तोक्यो प्रदर्शनात हे मासे शहरी जपानने पाहिले. काळ्या रंगाचीही भर पडली, मोजक्या खवल्यांच्या जर्मन कार्पशी संकर झाला, दुसऱ्या महायुद्धानंतर सोनेरी मासाही आला. जपानी लोक त्यांना ‘निशिकिगोई’ म्हणतात. किनखाबी कार्प!

पण किनखाब नक्षीबरहुकूम विणता येतो, मासा नाही. मादी लाखो अंडी घालते. पिल्ले आईबापांवर जातीलच असे नाही. उन्हाळाभर ती पुन्हापुन्हा जाळ्यात घेऊन निवडायची. शेकड्यातली मोजकीच ठेवायची, बाकीची काढून टाकायची. आज भडक दिसणारा तांबडा उद्या विरतो, कातडीखाली दबलेला काळा दोन वर्षांनी वर येतो. जे अजून दिसत नाही, ते ओळखायचे असते.

बँकेत असताना मी म्हशींसाठी कर्जे दिली. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला तरी असे. असल्या माशाचे तारण मी कोणत्या रकान्यात लिहिले असते, कोण जाणे! २०१८मध्ये एक कोहाकू वीस कोटी येनांवर विकला गेला.

२३ ऑक्टोबर २००४च्या संध्याकाळी यामाकोशीला भूकंप झाला. मासे हिवाळ्यासाठी घरच्या हौदांत आणण्याचे ते दिवस. तळी फुटली, रस्ते तुटले, वीज गेली, पंप थांबले. दोन हजारांवर माणसांना हेलिकॉप्टरने गावाबाहेर काढले. नंतर पाळणारे वाचलेल्या माशांसाठी परत गेले. पैदाशीचे मासेही हेलिकॉप्टरनेच हलवावे लागले. गावकरी २००७पर्यंत टप्प्याटप्प्याने परतले आणि खाचरांबरोबर तळीही बांधू लागले. तोवर पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला वंश उसन्या पाण्यात जगत होता.