दस्ता अक्रोडाचाच का?

न्यूयॉर्कचे सीमूर ग्रिफिन मुळात लाकडी सामान घडवणारे कारागीर. नाव झालं ते बंदुकांच्या दस्त्यांमुळे. लष्करी ‘स्प्रिंगफील्ड १९०३’ रायफलचा साधा दस्ता उतरवून ते अक्रोडाचा डौलदार दस्ता बसवत. १९२३ मध्ये जेम्स हाउ यांच्यासोबत त्यांनी ‘ग्रिफिन अँड हाउ’ ही कंपनी काढली.

अक्रोड वजनाला बेताचा, धक्का सोसणारा, आणि नीट वाळला की फारसा आकसत-फुगत नाही. दस्ता वाकला तर नळीवर दाब येऊन नेम सरकतो. मुठीत धरायचा भाग सर्वांत बारीक. तिथे तंतू आडवे गेले, तर बार उडताना तो तडकू शकतो. त्यामुळे फळी निवडताना आधी तंतूंची दिशा पाहायची, डोळ्यांत भरणारी नक्षी (गिऱ्हाईक भुलतं ते तिलाच!) नंतर.

शेवटी जवसाचं तेल, हातानेच चोळून, थरावर थर.