अंग असलेले आकडे

आजकालच्या डिजिटल घड्याळातला आकडा सात कांड्यांचा असतो. मुळात सगळीकडे ८ च असतो. नको त्या कांड्या विझवल्या की ३ होतो, ५ होतो, १ होतो. निक्सी ट्यूबमध्ये ही काटकसर नाही. तिथे ३ वेगळा आणि ८ वेगळा. ० ते ९ असे दहाही आकडे धातूच्या पातळ तारेचे किंवा पत्र्याचे घडवलेले, आणि काचेच्या एका नळीत ताटाळ्यातल्या ताटांसारखे एकामागे एक उभे. ज्याला वीज मिळेल तो नारिंगी पेटतो, बाकीचे नऊ त्याच्या मागेपुढे काळे उभे राहतात. ही मांडणी ० ते ९ अशा क्रमाने नसते. एकाने दुसऱ्याला कमीत कमी झाकावं असा क्रम लावलेला असतो. त्यामुळे सेकंद बदलताना आकडा नुसता बदलत नाही, नळीच्या आत पुढेमागे उडी मारतो. निक्सी घड्याळाचं वेड लागलेल्या माणसाला विचारलं तर तो जुन्या काळाबद्दल, उबदार प्रकाशाबद्दल बोलेल. माझ्या मते खरं आकर्षण या उडीत आहे. या आकड्याला अंग आहे, जागा आहे.

नळीत फिलामेंट नसतं, म्हणजे तापून लाल होणारं काहीच नाही. आत कमी दाबाचा निऑन वायू असतो, बऱ्याचदा त्यात आर्गॉनचा अंश. पुढे बारीक जाळीचा ॲनोड, मागे आकड्यांच्या रूपातले कॅथोड. सुमारे १७० व्होल्ट दिले की वायूचं आयनीभवन होतं आणि कॅथोडच्या पृष्ठभागाला चिकटून प्रकाशाचा थर तयार होतो. तार स्वतः पेटत नाही. तिच्याभोवतीचा वायू पेटतो, म्हणून आकडा तारेपेक्षा जाड आणि कडा विरघळल्यासारखा दिसतो. छायाचित्रात हे नीट उतरत नाही. कॅमेरा तो रंग एकतर पिवळट करतो किंवा थेट लाल.

अमेरिकेतल्या हेडू ब्रदर्स या छोट्या कारखान्याने ही नळी विकसित केली. तो कारखाना बरोज कॉर्पोरेशनने विकत घेतला आणि १९५५ मध्ये नळी बाजारात आणली. पुढची पंधरा-सोळा वर्षं फ्रिक्वेन्सी काउंटर, व्होल्टमीटर, कारखान्यातली नियंत्रण-कपाटं, जिथे यंत्राला माणसाशी आकड्यांत बोलायचं होतं तिथे तिथे ती दिसू लागली. बरोजने शेअर बाजारातल्या फलकांसाठी वगैरे बी-७९७१ नावाची मोठी नळीही काढली. तिच्यात मात्र आकड्यांऐवजी पंधरा तुकडे होते, म्हणून ती अक्षरंही दाखवू शके. संग्राहकांत तिची किंमत पाहिली की डोळे फिरतात. मला ती थोडी फितूर वाटते, कारण तुकडे जोडून आकडा करायचा हा पुढे येणाऱ्या शत्रूचाच मार्ग.

१९६१ मध्ये ब्रिटनच्या बेल पंच कंपनीने ‘अनिता’ हे गणकयंत्र आणलं. टेबलावर मावणारं पहिलं संपूर्ण इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र म्हणून ते ओळखलं जातं. कंपनीचा मूळ धंदा ट्राम-बसची तिकिटं पंच करण्याच्या यंत्रांचा! आकडे दाखवायला त्यात निक्सीच्याच जातीच्या नळ्या होत्या, आणि मोजायला डेकाट्रॉनसारख्या, वायूच्याच. डेकाट्रॉन हे या घराण्यातलं सगळ्यात विलक्षण पात्र. गोलाकार मांडलेल्या पिनांवर प्रकाशाचा ठिपका एकेक घर सरकतो. दहा घरं झाली की पुढच्या नळीला हातचा. म्हणजे मोजणारा आणि दाखवणारा एकच. अशा ८२८ डेकाट्रॉनवर चालणारा ब्रिटनमधल्या हार्वेलचा संगणक १९५१ पासून कामाला लागला. त्याला दोन संख्यांचा गुणाकार करायला काही सेकंद लागत, पण तो न थकता, न चुकता करी. तो दुरुस्त होऊन २०१२ मध्ये ब्लेचली पार्कच्या नॅशनल म्युझियम ऑफ कंप्युटिंगमध्ये पुन्हा सुरू झाला. त्याचे ठिपके फिरताना स्मरणातली संख्या डोळ्यांनी वाचता येते.

मग एलईडी आली. पाच व्होल्टवर चालणारी, न फुटणारी, खिशात मावणारी. जपानमध्ये इसे इलेक्ट्रॉनिक्सने १९६७ मध्ये शोधलेली व्हीएफडी, म्हणजे निळसर-हिरवी चमकणारी निर्वात नळी, दुसऱ्या बाजूने आली. ती आपल्याकडे घराघरांत पोचली होती. लाइट जाऊन आले की व्हीसीआरवर १२:०० लुकलुकत राही, ती हीच. रेडिओवाल्या घरांनी तिची थोरली बहीणही पाहिलेली असते: स्टेशन नीट लागलं की मिटत येणारा हिरवा मॅजिक आय, १९३५ पासूनचा. निक्सीला मात्र भारतीय घरात कधी जागा नव्हती, ती प्रयोगशाळेतच राहिली. सत्तरचं दशक उजाडल्यावर पश्चिमेत तिचा धंदा बसला.

सोव्हिएत युनियनमध्ये तो बसला नाही. तिथल्या कारखान्यांनी या नळ्या पुढेही कित्येक वर्षं बनवल्या आणि देश मोडल्यावर गोदामांतले खोकेच्या खोके बाजारात आले. आजचा सगळा छंद त्या खोक्यांवर उभा आहे. आयएन-१२ चपटी, समोरून पाहायची. आयएन-१४ उभी, लांब तारांची. आणि आयएन-१८, ४० मिलिमीटर उंच आकड्यांची, राजेशाही. खोक्यातल्या नळीवर उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तपासणी विभागाचा शिक्का छापलेला असतो. चोखंदळ लोक घड्याळाच्या सहाही नळ्या (तास, मिनिटं, सेकंद यांच्या दोन-दोन) एकाच महिन्याच्या जमवतात. यात दिसण्याचा फायदा शून्य असतो, समाधान मात्र पुष्कळ. आयएन-१२ आणि आयएन-१४ मधला ५ म्हणजे उलटा केलेला २ आहे. एकदा ते लक्षात आलं की दर पाचाला डोळा अडखळतो. आयएन-१८ मध्ये खरा ५ आहे, आणि तिच्या भावात त्याचाही वाटा असावा असा माझा संशय आहे.

घड्याळ बांधायचं म्हणजे आधी १२ व्होल्टचे १७० करायचे. त्यासाठी एमसी३४०६३ सारखी चिप, एक कॉइल, एक मॉस्फेट पुरतो. हे सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं. नळ्या मात्र बाहेरून मागवाव्या लागतात. नळी एकदा पेटली की तिच्यावर साधारण १४० व्होल्ट राहतात, उरलेले ३० रेझिस्टरने सोसायचे. अडीच मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर १२ किलोओहम. सहा नळ्या मिळून जेमतेम अडीच वॉट खातात. आकडा निवडायला सोव्हिएत के१५५आयडी१ ही चिप, म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४१४१ ची जुळी बहीण. ती बनणंही थांबलेलं असल्याने नळ्यांसोबत तीही जुन्या साठ्यातूनच घ्यावी लागते. १७० व्होल्टचा झटका थट्टा नव्हे, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला असतो. जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवून काम करत, ती सवय इथे लावून घ्यावी.

वेळ कुठून घ्यायची यावर छंदिष्टांत वाद आहेत. मेन्सच्या ५० हर्ट्झवर चालवणं सगळ्यात शुद्ध, असं एक मत. पण आपल्या ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झची मुभा आहे, आणि दिवसभर ती ४९.९० वर राहिली तर घड्याळ जवळजवळ तीन मिनिटं मागे पडेल. डीएस३२३१ ही तापमान सांभाळणारी चिप वर्षाला मिनिटाच्या आसपासच चुकते. मी तिच्या बाजूचा.

नळी मरते कशी, हे प्रत्येक बांधणाऱ्याने आधी समजून घ्यावं. पेटलेल्या कॅथोडवरचे अणू सतत उडत असतात आणि शेजारच्या विझलेल्या आकड्यांवर बसतात. तासांच्या दशकस्थानी फक्त ०, १, २ येतात. तिथले ३ ते ९ वर्षभर नुसते लेप चढवून घेतात आणि पुढे कधी पेटवले तर अर्धेच उजळतात. म्हणून रात्री काही मिनिटं सगळे आकडे भराभर फिरवायचा कार्यक्रम घड्याळात घालतात. चांगल्या नळ्यांत पाऱ्याचा अंश घालून ही झीज बरीच कमी केलेली असे. कडेला दिसणारी निळी झाक त्याचीच, आणि अशी नळी फुटली तर खिडक्या उघडून जपूनच आवरावं. सोव्हिएत कागदपत्रांत आयएन-१८ ला हमी ५००० तासांची. अखंड चालवलं तर ते सात महिन्यांत संपतात. प्रत्यक्षात नळ्या त्याहून खूप टिकतात, तरी खोलीत माणूस नसताना घड्याळ विझवणारा सेन्सर लावणं शहाणपणाचं.

साठा संपत जाणार हे दिसत असताना चेक प्रजासत्ताकातल्या डालिबोर फार्नी यांनी नळी नव्याने बनवायला घेतली. ब्रेझोलुपी गावच्या जुन्या वाड्यात त्यांची कार्यशाळा आहे, आणि पूर्व जर्मनीच्या झेड५६८एम या ५० मिलिमीटरच्या नळीवरून बेतलेली त्यांची नळी आता विकत मिळते. अडचण आकडे कापण्यात नव्हती. काच आणि धातू तापल्यावर सारखेच फुगले पाहिजेत, नाहीतर तार जिथे काचेतून बाहेर येते तिथे केसाएवढी चीर पडते आणि हवा आत शिरते. आतल्या प्रत्येक पृष्ठभागावरचा वायू तापवून, ओढून काढावा लागतो. कारखाने बंद झाले तेव्हा हे हातातलं ज्ञान कारागिरांबरोबर घरी गेलं होतं. फार्नींना ते नळ्या फुकट घालवत परत मिळवावं लागलं. किंमत त्या मानाने आहे.

या नव्या नळ्यांमुळे एक जुनं पाप तरी कमी व्हावं. सहा नळ्यांसाठी चालू स्थितीतला साठच्या दशकातला फ्रिक्वेन्सी काउंटर फोडणारे महाभाग अजून आहेत. मोडलेलं यंत्र असेल तर हरकत नाही. पण मोजणारं यंत्र मारून वेळ सांगणारं करण्यात कसलं आलंय जतन? खोक्यात नळ्या साठवून ठेवणाऱ्यांशीही माझं फारसं जमत नाही, तरी ते निदान काही मोडत नाहीत. आणि काचेच्या नळीमागे छोटा एलसीडी पडदा बसवून त्यावर निक्सीचा फोटो दाखवणारी स्वस्त घड्याळं आता सगळीकडे मिळतात. त्यांत उडी नाही. बाजूने पाहिलं की सगळे आकडे एकाच पातळीवर.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आयएन-१२ घ्याव्यात. त्या सॉकेटमध्ये बसतात, एखादी गेली तर डागणी न करता बदलता येते, आणि तुलनेने अजून स्वस्त आहेत. चार पुरतात, सेकंद नंतर जोडता येतात. मागवताना दोन जास्तीच्या मागवा, कारण टपालात काच फुटते, आणि पोचल्याबरोबर प्रत्येक नळीचा प्रत्येक आकडा पेटवून पाहा. उलट्या दोनाची सवय आठवड्यात होते.