23 जुलै : दोन जयंत्या आणि एक संप

शाळांच्या जयंत्यांच्या यादीत 23 जुलैपुढे दोन नावे असतात. लोकमान्य टिळक 1856 मध्ये रत्नागिरीत जन्मले, तर चंद्रशेखर आझाद 1906 मध्ये आजच्या मध्य प्रदेशातल्या भाबरा गावी. दिनविशेषाच्या सदरात याच तारखेखाली 1927 चे मुंबई नभोवाणी केंद्राचे उद्घाटन आणि 1952 ची इजिप्तमधली लष्करी क्रांतीही सापडते. या घटनांना जोडणारा धागा केवळ तारखेचा आहे. 1908 सालच्या 23 जुलैची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या दिवशी जे घडले, त्याला ठोस कारण होते.

मुजफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून 24 जून 1908 रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. 13 जुलैला उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. न्यायमूर्ती दिनशा दावर होते. 1897 च्या खटल्यात हेच दावर टिळकांचे वकील होते. नऊ ज्यूरींपैकी सात युरोपीय आणि दोन पारशी. 22 जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. त्याच रात्री खास गाडीने त्यांना साबरमतीच्या तुरुंगाकडे नेण्यात आले. त्यांचा बावन्नावा वाढदिवस उजाडला तो कैदेत.

त्याच दिवशी मुंबईत गिरण्या बंद पडू लागल्या. शिक्षेच्या दर वर्षासाठी एक दिवस, असा सहा दिवसांचा हा संप 28 जुलैपर्यंत चालला. मुळजी जेठा मार्केटमधला कापडाचा व्यवहार थांबला. लष्कर रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली.

हा संप एका रात्रीत उभा राहिला नव्हता. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि अंधार पडला की संपणारा कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. कामगारांचा मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला, म्हणजे टिळकांच्याच मुलखातला. स्वदेशी आणि दारूबंदीच्या निमित्ताने टिळक त्यांच्या वस्तीत पोचलेही होते. शिक्षेची बातमी आली तेव्हा ज्याच्यावर अन्याय झाला तो त्यांना परका नव्हता. मालकाशी मजुरीवरून भांडणारा कामगार या आठवड्यात राजकीय कारणासाठी आपली मजुरी सोडून बाहेर पडला.

या संपाची दखल लेनिननेही घेतली. भारतातला कामगार जाणीवपूर्वक राजकीय लढ्याला सज्ज झाला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. हे लिहिणारा त्याचा लेख ज्या ‘प्रोलेतारी’ पत्रात छापला गेला, त्याच्या अंकावरची तारीखही 23 जुलैच आहे. पण ती रशियाच्या जुन्या कालगणनेची. आपल्याकडे तेव्हा 5 ऑगस्ट उजाडला होता आणि संप मिटून आठवडा उलटला होता. नुसत्या तारखा जुळवत बसले, तर इतिहास असा चकवा देतो.

आझादांचे टिळकांशी असलेले नातेही जन्मतारखेपेक्षा घटनांत शोधावे लागते. 1 ऑगस्ट 1920 रोजी टिळक गेले आणि त्याच दिवशी असहकाराची चळवळ सुरू झाली. त्या चळवळीत पंधरा वर्षांच्या चंद्रशेखरने बनारसला फटके खाल्ले आणि ‘आझाद’ हे नाव मिळवले. पुढे टिळकांचे सहकारी लाला लजपतराय लाठीमारानंतर वारले. त्याचा सूड म्हणून 17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरात पोलीस अधिकारी साँडर्सला मारले गेले, तेव्हा खेडचे शिवराम हरी राजगुरू आणि भगतसिंग यांच्यामागे पहाऱ्याला आझाद उभे होते.

याच शिक्षेच्या काळात टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले, ते आपण जपले. आझादांचे 1931 मधले अलाहाबादचे हौतात्म्यही जपले. संपात उतरलेल्या हजारोंची जयंती कुठल्याच यादीत नाही, कारण त्यांच्या जन्मतारखा कोणी लिहून ठेवल्या नाहीत. पण त्यांनी काय केले आणि कोणत्या दिवशी केले, ते नोंदलेले आहे. 23 जुलैच्या भाषणांत दोन थोर जन्मांसोबत हा संपही सांगितला पाहिजे. पुढाऱ्याच्या शिक्षेचा भार सामान्य माणसांनी स्वतःच्या पोटावर घेतला, म्हणून त्या शिक्षेचे राजकारण झाले.