पन्नास मीटरवरचं पिस्तूल

उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढे, डावा खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. टेकायला काही नाही, पिस्तुलावर दुर्बीण नाही. समोर पन्नास मीटरवर २० सेंटिमीटरचा काळा गोल आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचं ५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ. अशा साठ गोळ्या झाडायच्या. नेमबाज या प्रकाराला ‘फ्री पिस्तूल’ म्हणतात आणि पिस्तुलाचा नेम किती लांबवर पोचतो, हे याच्याइतकं प्रामाणिकपणे दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेत मोजलं गेलेलं नाही.

पिस्तूल लांबवर चालत नाही, असं सर्रास बोललं जातं. पण चांगलं फ्री पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून झाडलं, तर पन्नास मीटरवर त्याच्या गोळ्या एकमेकींना जवळजवळ चिकटून बसतात, दहाच्या वर्तुळात आरामात मावतात. या पिस्तुलाची पॉइंट टू टू कॅलिबरची गोळी तिथवर पोचेपर्यंत साधारण १२ सेंटिमीटर खाली येते, पण दर वेळी तितकीच येते, म्हणून साइट, म्हणजे नेम धरायची खूण, तेवढी वर बांधून ठेवता येते. शंभर मीटरवर मात्र ही घट जवळपास अर्ध्या मीटरवर जाते आणि वाराही हिशेबात धरावा लागतो.

खरी मर्यादा पुढच्या आणि मागच्या साइटमधल्या अंतरात आहे. समजा, ते २५ सेंटिमीटर आहे. पन्नास मीटर म्हणजे त्याच्या दोनशे पट. पुढची साइट मागच्या खाचेत दशांश मिलिमीटरने सरकली, की लक्ष्यावर गोळी २ सेंटिमीटर बाजूला जाते. याउलट, दोन्ही साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात ५ मिलिमीटर हलला, तर गोळीही तेवढीच हलते. दहा शाबूत राहतो. हे गणित एकदा पटलं, की नवख्या नेमबाजाची निम्मी धडपड संपते. हात हलणारच, त्याला हलू द्यायचं. नजर पुढच्या साइटवर रोखायची, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल, आणि ट्रिगर असा दाबायचा की मनगटाला त्याची खबर लागू नये. म्हणून तर या पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही (दहा मीटर एअर पिस्तूलला ती ५०० ग्रॅमची आहे), आणि त्याची लाकडी मूठ नेमबाजाच्या पंजाबरहुकूम कोरलेली असते.

सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र मेलेंतिएव्हने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ६०० पैकी ५८१ गुण मिळवले. तो विक्रम चौतीस वर्षं टिकला. २०१४ मध्ये ग्रनादाच्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या जिन जोंग-ओने तो मोडला, तोही फक्त दोन गुणांनी. या चौतीस वर्षांत इलेक्ट्रॉनिक ट्रिगर रुळले, पिस्तुलं सुधारली. माणसाचा हात तोच राहिला.

याच जिनने रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत एक गोळी ६.६ ला मारली. केंद्रापासून साधारण ११ सेंटिमीटर दूर. साइटमधली चूक मात्र मिलिमीटरभरही नव्हती. सातव्या क्रमांकावर घसरलेला हा नेमबाज तिथून सावरला आणि या प्रकारातलं सलग तिसरं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेला. मला ती फेरी या खेळातली सर्वांत मोठी वाटते.

त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ही स्पर्धा झालीच नाही. पुरुष आणि महिलांच्या स्पर्धा समसमान व्हाव्यात म्हणून टोकियोसाठी तिला वगळलं आणि मिश्र सांघिक प्रकार आणले. समानता हवीच, पण १९३६ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये असलेला हा प्रकार महिलांनाही खुला करता आला असता. २५ मीटर पिस्तूलमध्ये २०१८ चं आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबतसारख्या नेमबाजांना पन्नास मीटर झेपलं नसतं, असं कोण म्हणेल? आपल्याकडे जितू रायने २०१४ मध्ये याच प्रकारात ग्रनादाला रौप्य आणि इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं होतं.

पॅरालिंपिकने ही स्पर्धा टिकवली आहे, आणि तिथे स्त्री-पुरुष एकाच रांगेत नेम धरतात. टोकियोत तिचं सुवर्ण मनीष नरवालने आणि रौप्य सिंहराज अधानाने जिंकलं.