स्प्लिट शेअर फंडांचा चढा परतावा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टोरांटो शेअर बाजारात नोंदलेल्या स्प्लिट शेअर कंपन्या एकाच गुंतवणुकीचे दोन भाग करून विकतात. कंपनी बँका, विमा, पाइपलाइन अशा लाभांश देणाऱ्या उद्योगांचे समभाग घेते आणि त्यांच्या आधारावर स्वतःचे दोन प्रकारचे समभाग काढते. नेहमीच्या रचनेत 25 डॉलरच्या एका युनिटमध्ये 10 डॉलरचा प्राधान्य समभाग आणि 15 डॉलरचा ‘अ’ वर्गाचा समभाग असतो. प्राधान्य समभागधारकाचा ठरलेल्या लाभांशावर आणि मुदतीअखेर 10 डॉलरवर पहिला हक्क. त्यानंतर उरेल ते ‘अ’ वर्गाचे, मग तो नफा असो की तोटा. हा वर्ग बहुधा महिन्याला 10 सेंट वाटतो, म्हणजे मूळ किमतीवर वर्षाला 8 टक्के. समभागाचा भाव 8 डॉलरवर आला की तेच वाटप 15 टक्के दिसू लागते.

हे 15 टक्के म्हणजे कमाई, हा सर्वांत मोठा गैरसमज. हिशेब मांडला की तो टिकत नाही. ‘अ’ वर्गाचे वर्षाचे 1.20 डॉलर, प्राधान्य समभागावर 5.5 टक्क्यांनी 55 सेंट आणि व्यवस्थापन खर्चाचे सुमारे 25 सेंट धरले, तर दर युनिटमागे 2 डॉलर बाहेर जातात. जवळच्या समभागांनी 4 टक्के लाभांश दिला, तर आत येतो 1 डॉलर. उरलेला डॉलर समभागांच्या भाववाढीतून किंवा कॉल ऑप्शन विकून मिळणाऱ्या प्रीमियममधून काढावा लागतो. तेही जमले नाही तर मुद्दलातून. गुंतवणूकदाराला आपलेच पैसे परत मिळतात आणि तो त्यांना उत्पन्न समजतो. भारतात ‘सेबी’ने 1 एप्रिल 2021 पासून म्युच्युअल फंडांच्या ‘डिव्हिडंड’ पर्यायाच्या नावातच भांडवल काढून घेतल्याचा उल्लेख सक्तीचा केला, तो याच घोटाळ्यापायी.

बँकांनी लाभांश चालू ठेवला की फंडाचे वाटपही चालू राहील, असेही अनेकांना वाटते. कॅनडाच्या सहा मोठ्या बँकांपैकी एकीनेही 2008-09 च्या संकटात लाभांश कापला नाही, 2020 मध्येही नाही. तरी ‘अ’ वर्गाचे वाटप थांबू शकते, कारण त्याची अट वेगळी आहे: वाटपानंतर युनिटचे निव्वळ मालमत्ता मूल्य साधारणपणे 15 डॉलरखाली जाणार असेल, तर त्या महिन्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे बाजार कोसळतो आणि गुंतवणूकदाराला पैशांची खरी गरज भासते, नेमक्या तेव्हाच हे उत्पन्न आटते.

फंडाने बँकेचे कर्ज काढले नसेल, तर उसनवारीची जोखीमही नाही, हा समज वरवर पटण्याजोगा आहे. प्रत्यक्षात प्राधान्य समभाग ‘अ’ वर्गाच्या दृष्टीने कर्जासारखेच वागतात. युनिट 25 वरून 20 डॉलरवर आले, तर घसरण 20 टक्के. पण प्राधान्याचे 10 डॉलर बाजूला काढल्यावर ‘अ’ वर्ग 15 वरून 10 वर, म्हणजे 33 टक्क्यांनी खाली येतो. युनिट 15 वर आले तर त्याचे उरतात 5 डॉलर. शिवाय मूल्य जितके घटते तितका पुढच्या चढउताराचा झटका मोठा होतो. 25 डॉलरच्या युनिटमध्ये 1 टक्क्याची हालचाल ‘अ’ वर्गाला 1.67 टक्के हलवते, 15 डॉलरच्या युनिटमध्ये 3 टक्के. हा गुणाकार तेजीतही चालतो, आणि तेजीच्या वर्षांत दिसणारा डोळे दिपवणारा परतावा त्याचाच असतो.

प्राधान्य समभाग तुलनेने सुरक्षित खरे: सुरुवातीला युनिटचे मूल्य 60 टक्के घसरेपर्यंत त्यांच्या मुद्दलाला धक्का लागत नाही. मात्र ती हमी नव्हे. ब्रिटनमध्ये स्प्लिट कॅपिटल ट्रस्टचे ‘झीरो’ नावाचे प्राधान्य समभाग कमी जोखमीचे म्हणून विकले गेले. त्यातल्या बऱ्याच ट्रस्टनी बँकांचे कर्ज काढले होते आणि एकमेकांचेच समभाग विकत घेतले होते. 2000 नंतरच्या मंदीत बँकांचा हक्क आधी आला आणि अनेक झीरोधारकांच्या हाती फारसे काही उरले नाही. डिसेंबर 2004 मध्ये 18 कंपन्यांनी 19 कोटी 40 लाख पौंडांच्या तडजोडीला मान्यता दिली. कॅनडातल्या नेहमीच्या फंडांत असे परस्पर गुंतलेले समभाग नसतात, त्यामुळे ही तुलना ताणू नये.

राहिला बाजारभाव. मोठ्या वाटपाच्या ओढीने ‘अ’ वर्ग मालमत्ता मूल्यापेक्षा महाग विकला जातो, तेव्हा खरेदीदार 10 डॉलरच्या मालमत्तेला 11 किंवा 12 डॉलर मोजतो. वाटप थांबल्याची घोषणा होताच हा वरचा भाग गळून पडू शकतो, फंडाकडच्या समभागांचे भाव तसेच राहिले तरी.