पोटातली शेगडी

मे महिन्यातली दुपार. गावच्या डबक्यात म्हशी मानेपर्यंत बुडून निवांत रवंथ करतायत. पाराच्या सावलीत कुत्रा वीतभर जीभ बाहेर काढून हा-हा-हा करतोय. वर फांदीवर कावळा चोच उघडी टाकून बसलाय, पण ओरडत मात्र नाहीये! या तिघांना झालंय तरी काय?

दोस्तांनो, या तिघांच्याही अंगात एक शेगडी आहे. तुमच्याही आहे! खाल्लेलं अन्न हे तिचं सरपण. ते हळूहळू ‘जळतं’, त्यातून ताकद मिळते आणि ऊबही. म्हणून तर थंडी असो की ऊन, आपलं अंग 37 अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. कुत्र्याचं साधारण 38-39, आणि कोंबडीचं तर 41च्या पुढे! आपल्याला एवढा ताप चढला तर डॉक्टरांकडे धावावं लागेल. कोंबडी मात्र मजेत दाणे टिपत असते.

पण बाहेरच उकडत असलं, तर ही ऊब टाकायची कुठे? ओल्या हातावर फुंकर मारून बघा. गार वाटलं ना? पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. आपला घाम हेच काम करतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. म्हणून तो ओल्या जिभेवरून भराभर वारा खेळवतो. पक्ष्यांना तर घाम येतच नाही, म्हणून कावळ्याने चोच उघडलेली. म्हशीला घाम गाईपेक्षा फार कमी, त्यात कातडी काळी, ऊन शोषणारी. मग ती अंगाला चिखल फासून घेते. चिखल सावकाश वाळतो, गारवा टिकतो. वर माश्यांचाही त्रास कमी!

कुंपणावरच्या सरड्याची शेगडी मात्र अगदी मिणमिणती. सकाळी तो उन्हात अंग शेकतो, तेव्हा कुठे चपळ होतो. फार तापला की सावलीत सरकतो. आळशी वाटतो खरा, पण आहे मोठा काटकसरी! त्याच्याएवढ्या उंदराला जेवढं अन्न लागतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात त्याचं भागतं.

आणि चिचुंद्री? वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, हे पाहिलंय ना? चिमुकल्या अंगाचंही तसंच. ऊब भराभर निसटते, म्हणून शेगडी सतत धगधगती ठेवावी लागते. बिचारी रात्रभर चूं चूं करत खाणं शोधत हिंडते.

तुमची शेगडीही तुम्ही गाढ झोपलात तरी विझत नाही. सकाळी उठल्या उठल्या भूक लागते, ती उगाच नाही. तेव्हा न्याहारी टाळू नका बरं! रात्रभर जळलेल्या शेगडीत सरपण नको का घालायला?