नवा फोन, जुना फोन

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या दप्तरात दोन तऱ्हेच्या वह्या असतात. उर्दूची वही उजव्या बाजूने उघडते, मराठीची डाव्या बाजूने. "ओळीच्या सुरुवातीला तारीख लिहा," असे बाईंनी सांगितले, तर उर्दूच्या वहीत तुम्ही ती उजवीकडे लिहाल आणि मराठीच्या वहीत डावीकडे. 'सुरुवात' म्हणजे कोणती बाजू, हे तुम्हांला कोणी समजावून सांगावे लागत नाही. पण मोबाइल फोनला ते कळते का? एके काळी कळत नव्हते. त्यातून कशा अडचणी येत आणि त्या कशा शोधून काढतात, हे आज आपण पाहू.

प्रथम अ‍ॅप म्हणजे काय ते समजून घेऊ. अ‍ॅप म्हणजे फोनला दिलेल्या सूचनांचा संच. फोनमध्ये पडदा असतो, कॅमेरा असतो, आवाज टिपणारा माइक असतो. परंतु अ‍ॅप या वस्तूंना स्वतः हात लावत नाही. "हा शब्द पडद्यावर दाखव," "माइक सुरू कर," असे ते फोनमधील ऑपरेटिंग सिस्टीमला सांगते. ऑपरेटिंग सिस्टीम ही फोनची कारभारीणच म्हणा ना! अँड्रॉइड ही अशीच एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. अँड्रॉइड असलेला पहिला फोन २००८ साली बाजारात आला. तेव्हापासून तिच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत आहेत. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते, तशाच या आवृत्त्या. नव्या आवृत्तीत काही सोयी वाढतात आणि काही नियम बदलतात.

मात्र नवी आवृत्ती आली म्हणून सर्वांचे फोन एका दिवसात नवे होत नाहीत. पुष्कळ जुन्या फोनना नवी आवृत्ती मिळतच नाही. त्यामुळे एकाच घरात तीन फोन असले, तर तिन्हींवर तीन आवृत्त्या असू शकतात. अ‍ॅप करणाऱ्याची खरी परीक्षा येथेच होते.

चला, आपण थोडे मागे, २०१३ सालात जाऊ. समजा, तुम्ही एक छोटेसे अ‍ॅप तयार केले आहे. त्यात प्रत्येक ओळीत एक उर्दू शब्द आणि त्याच्यापुढे त्याचा मराठी अर्थ आहे. तुमच्या नानींना एस.टी.वरची पाटी आणि दवाखान्यातील सूचना वाचता याव्यात, म्हणून तुम्ही एवढा खटाटोप केला आहे. अ‍ॅपमध्ये उर्दू निवडली, तर ओळ उजवीकडून सुरू व्हावी आणि मराठी निवडली, तर डावीकडून, अशी तुमची योजना आहे.

पूर्वी अँड्रॉइडला पडद्यावरील मांडणी सांगताना 'लेफ्ट' आणि 'राइट', म्हणजे डावे आणि उजवे, हेच शब्द वापरावे लागत. नोव्हेंबर २०१२ मध्ये ४.२ ही आवृत्ती आली आणि तिच्यात 'स्टार्ट' व 'एंड', म्हणजे आरंभ व शेवट, हे शब्द आले. भाषा उर्दू असेल तर आरंभ उजवीकडे, मराठी असेल तर डावीकडे. अगदी तुमच्या वह्यांसारखे! तुम्ही आनंदाने तेच शब्द वापरले. तुमच्या नव्या फोनवर सारे ठीक दिसले.

नानींच्या फोनवर मात्र ४.१ ही आवृत्ती होती. त्यांनी अ‍ॅप उघडले आणि त्या गोंधळल्या. उर्दू शब्द आणि मराठी अर्थ एकाच कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते. नानी म्हणाल्या, "बेटा, माझा चष्मा बिघडला वाटते."

पाहा, चूक अ‍ॅपची होती आणि नानींनी दोष दिला स्वतःच्या चष्म्याला! असे नेहमी होते. अ‍ॅप चालले नाही, की साध्या माणसाला वाटते, आपल्यालाच काही येत नाही. अशा वेळी "नानी, नवा फोन घ्या," असे म्हणणे सोपे असते. पण ते उत्तर नव्हे. मग दोष शोधायचा कसा?

पहिली गोष्ट अशी की, तो दोष आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घडवून आणावा. नुसत्या ऐकीव माहितीवर दुरुस्ती करू नये. दुसरी गोष्ट म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. अ‍ॅप तेच, शब्द तेच, भाषा तीच. बदलायची ती फक्त आवृत्ती. ४.२ वर अ‍ॅप नीट चालते आणि ४.१ वर बिघडते, असे दिसले, तर या दोन आवृत्त्यांमध्ये काय बदलले, एवढेच शोधायचे उरते. त्यासाठी पेटीभर फोन विकत घ्यावे लागत नाहीत. संगणकावर फोनची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. त्यात हवी ती आवृत्ती निवडता येते.

शोध घेतल्यावर कारण सापडते. 'स्टार्ट' आणि 'एंड' हे शब्द ४.१ ला ठाऊकच नव्हते. न कळलेली सूचना तिने मुकाट्याने सोडून दिली. कोणता शब्द कोठे ठेवायचा हेच न कळल्यामुळे सगळे शब्द एका कोपऱ्यात जमा झाले. उपायही सोपा आहे. नव्या शब्दांबरोबर जुने 'लेफ्ट' आणि 'राइट' हेही लिहावेत. नवी आवृत्ती नवे शब्द मानील आणि जुनी आवृत्ती जुने. जुन्या फोनवर बाजू आपोआप बदलणार नाही, हे खरे. पण शब्द वेगवेगळे दिसतील आणि नानींना वाचता येतील.

आता याच्या उलट गोष्ट पाहा. ऑक्टोबर २०१५ मध्ये अँड्रॉइडची ६.० ही आवृत्ती आली. तुम्ही आपल्या अ‍ॅपमध्ये एक बटण वाढवले. ते दाबून शब्द उच्चारला, की तो माइकवरून टिपला जाई आणि पुन्हा ऐकता येई. पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये अ‍ॅप फोनवर घेतानाच माइकची परवानगी एकदा मागितली जाई. ६.० मध्ये नियम बदलला. माइक, कॅमेरा यांसारख्या गोष्टी वापरायच्या असतील, तर त्या वेळी फोनच्या मालकाला विचारले पाहिजे, असे ठरले. मालक 'नाही' म्हणू शकतो आणि दिलेली परवानगी नंतर परतही घेऊ शकतो. नियम चांगला होता, कारण आपले बोलणे कोणी टिपावे की नाही, हे ठरवण्याचा हक्क आपलाच आहे.

जुनी अ‍ॅप एकदम बंद पडू नयेत, म्हणून एक सवलतही होती. आपण कोणत्या आवृत्तीसाठी तयार झालो आहोत, हे प्रत्येक अ‍ॅपमध्ये एका क्रमांकाने लिहिलेले असते. ६.० चा क्रमांक २३ आहे. २२ किंवा त्याखालचा क्रमांक लिहिलेल्या अ‍ॅपला जुनाच नियम लागू होता. तुम्ही उत्साहाने २२ चे २३ केले, पण परवानगी विचारणारी सूचना लिहायला विसरलात. आता नानींच्या जुन्या फोनवर सारे सुरळीत चालले आणि भावाच्या नव्या कोऱ्या फोनवर बटण दाबताच अ‍ॅप बंद पडले!

अशा वेळी फोनची नोंदवही उपयोगी पडते. फोनमध्ये काय काय घडले, कोणती सूचना कोठे अडली, याची नोंद होत असते. तिला लॉग म्हणतात. संगणकाला केबलने फोन जोडला, की ती वाचता येते. माइक वापरू न दिल्यामुळे अ‍ॅप अडले, हे तेथे दिसते. मग आपण अ‍ॅपला असे शिकवतो: "आधी फोनचा क्रमांक पाहा. तो २३ किंवा त्याहून मोठा असेल, तर मालकाला विचार. मालक नको म्हणाला, तर माइक सोडून बाकीचे काम चालू ठेव."

नोंद ठेवण्याची ही पद्धत फार जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाच्या संगणकात बिघाड झाला. शोधता शोधता त्याच्या एका भागात एक पतंग सापडला. तंत्रज्ञांनी तो पतंग नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आजही अमेरिकेतील एका राष्ट्रीय संग्रहालयात जपलेली आहे. यंत्रातील दोषाला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याआधीही होती. त्या दिवशी मात्र खराच किडा हाती लागला! दोष काढण्याच्या कामाला 'डीबगिंग' म्हणतात ते यावरूनच लक्षात राहते.

दुरुस्ती झाली म्हणजे काम संपले, असे समजू नका. एका जागी ठिगळ लावताना दुसऱ्या जागी शिवण उसवू शकते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर अ‍ॅप जुन्या आणि नव्या, दोन्ही आवृत्त्यांवर पुन्हा तपासावे लागते. नियम तर बदलतच राहतात. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून साध्या सूचना पडद्यावर दाखवण्यासाठीही अ‍ॅपला मालकाची परवानगी लागते.

मग जुने फोन कोठवर सांभाळायचे? कायमचे सांभाळणे कोणालाच जमत नाही. प्रत्येक अ‍ॅप करणाऱ्याला कधी ना कधी म्हणावेच लागते, "याहून जुन्या आवृत्तीवर हे अ‍ॅप चालणार नाही." पण ही रेघ ओढताना तिच्या पलीकडे कोण राहील, याचा त्याने विचार करावा आणि त्या माणसांना तसे आधी सांगावे. रेघेपलीकडचा माणूस म्हणजे नुसता जुना फोन नव्हे. तेथे कोणाची तरी नानी एस.टी.ची पाटी वाचायला शिकत असते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अ‍ॅप तयार करील. ते स्वतःच्या फोनवर चालले, की लगेच हुरळून जाऊ नका. घरातला सर्वांत जुना फोन मागून घ्या आणि त्यावर ते एकदा उघडून पाहा.